सुरतेचा पेच : नवा अध्यक्ष दादाभाईंच्या वाटेने चालणार होता काय?



गावात निवडणूक जवळ आली की पारावर, पिठाच्या गिरणीत, एस्टीच्या थांब्यावर एक प्रश्न हमखास निघतो. जुने सरपंच या खेपेला उभे नाहीत. त्यांच्याच गटाचा दुसरा माणूस उभा आहे. मग हा नवा गडी जुन्याच्या चालीने चालणार, की आपली निराळी वाट काढणार? एक म्हणतो, "अरे बाप्पा, नाव बदललं, कारभार तोच." दुसरा म्हणतो, "तसं नाही, माणूस वेगळा आहे." तिसरा म्हणतो, "माणूस कसाही असो, त्याच्या मागं कोण बसलंय ते बघ." तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

हाच प्रश्न एकदा साऱ्या हिंदुस्थानापुढे उभा राहिला होता. साल होते १९०७. काँग्रेसचे मावळते अध्यक्ष होते दादाभाई नौरोजी. त्यांच्या जागी येणार होते बंगालचे डॉ. रासबिहारी घोष. हे घोषबाबू दादाभाईंनी आखून दिलेल्या वाटेने जातील, की ती वाट हळूच मोडून टाकतील? या एका प्रश्नावर डिसेंबर महिन्यात सुरतेच्या मांडवात खुर्च्या उडाल्या आणि देशातली सर्वांत मोठी राजकीय संस्था दुभंगली. आणि मंडळी, ही सभा मुळात आपल्या विदर्भात, नागपूरला भरायची होती. तेव्हा हा इतिहास काही परमुलखाचा नाही.

आधी त्या वेळची आपल्याकडची स्थिती ध्यानात घेऊ. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले, आणि खामगाव व जळगाव हे दोन तालुके अकोल्यातून काढून बुलढाणा जिल्ह्यात घातले गेले. खामगाव ही तेव्हाही कापसाची नावाजलेली पेठ होती. जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकून रेल्वे आणली होती ती याच कापसासाठी. कापूस आपल्या काळ्या रानात पिकायचा, गाठी बांधून बाहेर जायचा, आणि अंगावरचे कापड मात्र बरेचसे विलायतेहून यायचे. त्याच १९०५ साली, १६ ऑक्टोबरला, लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने बंगालचे दोन तुकडे केले. बंगाली जनता खवळली. विलायती मालावर बहिष्कार पुकारला गेला. स्वदेशीचा शब्द कलकत्त्याहून निघाला तो पुण्यावरून आणि अमरावतीवरून थेट आपल्या पेठांत येऊन पोचला. कापूस पिकवणाऱ्याला तो समजावून सांगावा लागला नाही. आपलाच कापूस आपल्याला कापड होऊन महाग का पडतो, हे त्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक होते.

काँग्रेसमध्ये तेव्हा दोन विचार होते. एक पक्ष नेमस्तांचा किंवा मवाळांचा. सर फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे त्यांचे पुढारी. कायद्याच्या मार्गाने, पायरीपायरीने हक्क मिळवावेत, सरकारशी संबंध तुटू देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पक्ष स्वतःला राष्ट्रीय पक्ष म्हणवीत असे. लोक त्याला जहाल म्हणत. लोकमान्य टिळक, लाला लजपतराय, बिपिनचंद्र पाल आणि अरविंद घोष ही त्यातली ठळक नावे. नुसत्या अर्जविनंत्यांनी काही होत नाही, लोकांनी स्वतःच्या बळावर काही करून दाखवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ही फूट आपल्या अमरावतीतही होती. दादासाहेब खापर्डे आणि रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे दोघे एकाच गावचे नामांकित वकील. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते. पुढे खापर्डे टिळकांच्या बाजूला गेले आणि मुधोळकर नेमस्तांत राहिले.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसला अध्यक्ष कोण, यावरून या दोन पक्षांत प्रथम जोराची ओढाताण झाली. राष्ट्रीय पक्षाने टिळकांचे नाव पुढे केले. ते टाळण्यासाठी नेमस्तांनी एक तोड काढली. विलायतेत राहणारे दादाभाई नौरोजी यांनाच त्यांनी बोलावले. दादाभाईंचे वय तेव्हा ८१ वर्षांचे. १८८६ आणि १८९३ असे दोन वेळा ते आधीच अध्यक्ष झालेले. १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले. हिंदुस्थानची संपत्ती दर साल कशी विलायतेला वाहून जाते, हे आकडे मांडून त्यांनी जगाला दाखवलेले. अशा पितामहाच्या विरुद्ध कोण उभे राहणार? टिळकांनी आनंदाने मान तुकवली.

पण झाले निराळेच. कोणी तरी मवाळ अध्यक्ष हवा म्हणून आणलेल्या या म्हाताऱ्या पुढाऱ्याने कलकत्त्याच्या व्यासपीठावरून 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला. त्यांचा आवाज क्षीण झाला होता, म्हणून भाषणाचा बराचसा भाग गोखल्यांनी वाचून दाखवला. आणि त्या अधिवेशनात चार विषयांवर ठराव झाले : स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण. या चार ठरावांना लोक पुढे चतुःसूत्री म्हणू लागले.

त्या ठरावांचे शब्द नीट पाहिले पाहिजेत, कारण पुढचे सारे भांडण शब्दांवरूनच झाले. स्वदेशीच्या ठरावात म्हटले होते की देशी मालाला, काही झीज सोसूनही, पसंती द्यावी. 'काही झीज सोसूनही' हे तीन शब्द म्हणजे त्या ठरावाचा जीव. देशी धोतर जाडेभरडे असेल, दोन आणे महाग असेल, तरी घ्या, असा त्याचा अर्थ. हे शब्द काढले तर ठराव उरतो, पण कोणाला काही करावे लागत नाही. बहिष्काराच्या ठरावात बंगालमध्ये सुरू झालेली बहिष्काराची चळवळ न्याय्य होती आणि आहे, असे म्हटले होते. राष्ट्रीय शिक्षणाच्या ठरावात शिक्षण राष्ट्रीय धोरणाचे आणि राष्ट्राच्या ताब्यातले असावे, असे होते.

आता येथे एक गोष्ट लक्षात घ्या. या ठरावांवर दोन्ही पक्षांनी हात वर केले, पण दोघांनी त्यांचा अर्थ एकच लावला नव्हता. दादाभाई 'स्वराज्य' म्हणाले ते इंग्लंडसारखे किंवा इंग्रजांच्या वसाहतींसारखे, असे म्हणाले. नेमस्तांनी त्यातले 'वसाहतींसारखे' एवढे धरून ठेवले. राष्ट्रीय पक्षाने 'स्वराज्य' हा शब्द उचलला आणि गावोगाव नेला. बहिष्काराची चळवळ बंगालपुरती, असे नेमस्त म्हणत. साऱ्या देशासाठी, असे बिपिनबाबू म्हणत. म्हणजे कलकत्त्याहून परतताना प्रत्येकाच्या गाठोड्यात आपापले दादाभाई होते. दादाभाईंच्या वडीलपणामुळे हे मतभेद वर्षभर झाकून राहिले. वडील माणूस बाजूला झाला की घरातले जुने हिशेब निघतात. तसेच पुढे झाले.

१९०७ चे अधिवेशन नागपूरला ठरले. कलकत्त्यातच अध्यक्ष निवडीचा एक नियम झाला होता. प्रांतिक समित्यांनी नावे सुचवायची. यजमान गावच्या स्वागत समितीने तीन चतुर्थांश मतांनी त्यातले एक निवडायचे. तसे बहुमत झाले नाही तर काँग्रेसच्या मध्यवर्ती समितीने निकाल द्यायचा. नागपूरच्या राष्ट्रीय पक्षाला, ज्यात डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांच्यासारखी तरुण मंडळी होती, टिळक अध्यक्ष हवे होते. तीन चतुर्थांश मते काही जमेनात. सभा झाल्या, गोंधळ झाले, आणि स्वागत समितीचे कामच अडले. शेवटी नोव्हेंबर महिन्यात मध्यवर्ती समितीची बैठक मुंबईला फिरोजशहा मेहतांच्या घरी भरली आणि अधिवेशन नागपूरहून उचलून सुरतेला न्यावे असे ठरले. सुरत हा नेमस्तांच्या वजनाचा मुलूख. नागपुरात टिळकांचे वजन होते. म्हणजे निवडणुकीआधी मतदानाचे गावच बदलले, असे राष्ट्रीय पक्षाला वाटले तर त्यात नवल नव्हते.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. मे महिन्यात सरकारने लाला लजपतराय यांना चौकशीवाचून उचलून ब्रह्मदेशात मंडालेला नेऊन ठेवले होते. नोव्हेंबरात ते सुटून आले. टिळकांनी स्वतःचे नाव बाजूला ठेवले आणि सुचवले की देशासाठी हद्दपारी भोगून आलेल्या लालाजींना अध्यक्ष करा. सुरतेच्या स्वागत समितीने निवड केली ती डॉ. रासबिहारी घोष यांची. लालाजींनी आपल्या नावावरून फूट पडू नये म्हणून स्वतःच माघार घेतली.

हे डॉ. घोष होते तरी कोण? कलकत्त्याचे अव्वल दर्जाचे कायदेपंडित. व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात सभासद. आणि दादाभाईंशी त्यांचा संबंध म्हणाल तर अगदी जवळचा. कलकत्त्याच्या १९०६ च्या अधिवेशनात दादाभाईंचे स्वागत करणारे स्वागताध्यक्ष तेच होते. ज्या मांडवात चार ठराव झाले त्या मांडवाचे ते यजमान. बंगालमध्ये राष्ट्रीय शिक्षणासाठी जी परिषद स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्षही तेच. १९०७ च्या नोव्हेंबरात सभाबंदीचा कायदा कौन्सिलात आला, तेव्हा गोखल्यांबरोबर त्यांनीही त्याला विरोध केला. नुसता माणूस पाहिला तर दादाभाईंच्या आणि त्यांच्या विचारांत डोंगराएवढे अंतर होते असे कोणी म्हणू शकत नाही.

मग संशय आला कशाने?

पहिले कारण विषयांच्या यादीचे. अधिवेशनापूर्वी काही दिवस सुरतेत कोणकोणते विषय निघणार याची यादी वर्तमानपत्रांत आली. तीत स्वराज्य, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचा पत्ता नव्हता, अशी राष्ट्रीय पक्षाची तक्रार होती. दुसरे कारण ठरावांच्या मसुद्याचे. हा मसुदा टिळकांच्या हाती अगदी अखेरच्या घटकेला पडला. त्यात स्वदेशीच्या ठरावातले 'काही झीज सोसूनही' हे शब्द गळाले होते. बहिष्काराच्या ठरावात 'बहिष्काराची चळवळ' या शब्दांऐवजी 'परदेशी मालावरचा बहिष्कार' असे आले होते. राष्ट्रीय शिक्षणातले राष्ट्रीय धोरण आणि राष्ट्रीय ताबा हे शब्दही बदलले होते. तिसरे कारण खुद्द डॉ. घोष यांच्या भाषणाचे. ते भाषण सुरतेत वाचले जाण्यापूर्वीच कलकत्त्याच्या पत्रांत छापून आले, आणि त्यात राष्ट्रीय पक्षावर बोचरी टीका आहे अशा तारा सुरतेला येऊन थडकल्या.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एकाच बाजूचे ऐकून निवाडा देणारा पंच गावाला मान्य होत नाही. मसुदा गोखल्यांनी तयार केला होता. त्यांचे उत्तर असे की मागच्या ठरावांपासून मागे जाण्याचा कोणाचा विचार नव्हता. स्वदेशीचे शब्द गळाले ते नक्कल करताना झालेल्या नजरचुकीने. बहिष्काराचे शब्द बदलले कारण मागच्या शब्दांचा नको इतका ताणलेला अर्थ लोक लावू लागले होते. आणि मुख्य म्हणजे तो नुसता मसुदा होता. विषयनियामक समिती बसल्यावर तिथे प्रत्येक शब्दावर दुरुस्ती सुचवता आली असती. गोखल्यांसारख्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल टिळकांच्या मित्रांनाही शंका घेणे जड जाई.

पण पेच असा होता की विषयनियामक समिती अध्यक्ष निवडल्यावर बसायची. राष्ट्रीय पक्ष म्हणत होता, आधी ठरावांची हमी द्या, मग तुमच्या अध्यक्षाला मत देऊ. नेमस्त म्हणत होते, आधी अध्यक्षाला मत द्या, मग ठरावांचे पाहू. बैल आधी जुंपायचा की वंगण आधी घालायचे, यावर गाडी तासभर अडावी, तशी ही गाडी तीन दिवस अडली.

टिळक २३ डिसेंबरला सुरतेत पोचले, तेव्हा त्यांनी आपली अट उघड सांगितली होती. कलकत्त्याच्या चार ठरावांपासून मागे जाणार नाही एवढी खात्री मिळावी आणि लालाजींना अध्यक्ष करावे ही जी लोकांची इच्छा होती तिचा भाषणात गौरवाने उल्लेख व्हावा, मग डॉ. घोष यांच्या निवडीला आमचा विरोध नाही. यातला मुद्दा नीट पाहा. टिळकांचे भांडण डॉ. घोष या गृहस्थांशी नव्हतेच. नव्या अध्यक्षाने मागच्या अध्यक्षाच्या काळातले लिखित वचन पाळावे, एवढे ते मागत होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी या अटींना अनुकूलता दाखवली, असे टिळकपक्षाचे म्हणणे होते. पण स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांची आणि टिळकांची वेळेवर गाठ पडली नाही, आणि निरोप अधांतरीच राहिले.

२६ डिसेंबरला सुरतेच्या फ्रेंच गार्डनमधल्या मांडवात सोळाशेच्या वर प्रतिनिधी जमले. माळवींचे स्वागताचे भाषण झाले. दिवाणबहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनी डॉ. घोष यांचे नाव सुचवले. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ उठले. ज्यांच्या गर्जनेने सभा थरारायची त्या सुरेंद्रनाथांना लोकांनी बोलूच दिले नाही. सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी २७ ला ती पुन्हा भरली. सुरेंद्रनाथांचे अनुमोदन पुरे झाले, पंडित मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला. टिळकांनी आधीच माळवींकडे चिठ्ठी पाठवली होती, की अध्यक्षांच्या निवडीच्या प्रस्तावावर मला तहकुबीची सूचना मांडायची आहे. उत्तर आले नाही. डॉ. घोष अध्यक्षस्थानी बसले आणि टिळक व्यासपीठावर चढले. तुमची सूचना नियमात बसत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. निवडच नियमाने झाली नाही, मी प्रतिनिधींना विचारणार, असे म्हणत ते हाताची घडी घालून उभे राहिले. एवढ्यात एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहांवर आदळला. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन तिथे हजर होते. त्यांनी या जोड्याचे वर्णन आपल्या पुस्तकात करून ठेवले आहे. जोडा कोणी फेकला आणि तो कोणासाठी होता, यावर दोन्ही पक्षांनी पुढे पुष्कळ शाई खर्च केली. मग खुर्च्या आल्या, काठ्या आल्या, आणि शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला.

या गोंधळाला राष्ट्रीय पक्षही जबाबदार होता. काँग्रेस मोडण्याला कारण झालेला हुकूम टिळकांना न विचारता आपण दिला होता, असे अरविंदबाबूंनी पुढे पुष्कळ वर्षांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. टिळकांना फूट नको होती. मारामारी झाल्यावरही त्यांनी लिहून कळवले की चार ठराव कायम ठेवा, भाषणातला बोचरा भाग गाळा, आम्ही डॉ. घोष यांच्या निवडीला विरोध करीत नाही. पण आता वेळ निघून गेली होती. २८ डिसेंबरला नेमस्तांनी पोलिसांच्या बंदोबस्तात आपली निराळी परिषद भरवली. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला काँग्रेसची घटना तयार झाली. तिच्या ध्येयाच्या कलमावर सही केल्याशिवाय आत येता येणार नाही, असे ठरले. टिळकांच्या पक्षाला दार बंद झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डॉ. घोष दादाभाईंपेक्षा निराळे होते काय? आज हे सारे होऊन शंभरावर वर्षे गेली. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून उत्तर शोधणे आपल्याला सोपे आहे.

स्वराज्याच्या बाबतीत पाहिले तर अलाहाबादच्या घटनेने वसाहतींसारखे स्वराज्य हेच ध्येय लिहिले. म्हणजे दादाभाईंचे अर्धे वाक्य कायम राहिले. राष्ट्रीय शिक्षणाच्या बाबतीत डॉ. घोष यांनी स्वतः जे केले ते पाहून त्यांचे विरोधकही गप्प बसावेत. आयुष्यभर वकिलीत मिळवलेली संपत्ती त्यांनी शिक्षणाकडे वळवली. १९१३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला विज्ञानाच्या शिक्षणासाठी त्यांनी दहा लाख रुपये दिले. १९२१ मध्ये ते वारले तेव्हा राष्ट्रीय शिक्षण परिषदेलाही मोठा ठेवा देऊन गेले. त्याच परिषदेच्या संस्थेतून पुढे १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठ उभे राहिले. राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव हा माणूस बुडवील, अशी भीती ज्यांना वाटत होती, त्यांच्यापैकी कितींनी त्या ठरावासाठी एवढे केले?

पण बहिष्काराच्या बाबतीत राष्ट्रीय पक्षाचा संशय खरा ठरला. १९०८ चे अधिवेशन मद्रासला भरले, अध्यक्ष पुन्हा डॉ. घोषच होते, आणि तिथे बहिष्काराचा ठराव पुन्हा झाला नाही. सरकारला जो ठराव सर्वांत जास्त झोंबत होता तोच नेमका गळाला. यात डॉ. घोष यांचा स्वतःचा वाटा किती आणि फिरोजशहांच्या वजनाचा किती? फिरोजशहा हे त्या पक्षाचे खरे सूत्रधार होते. मेहतांच्या घरी गाव बदलते, गोखल्यांच्या हातून मसुदा निघतो आणि अध्यक्ष तयार झालेल्या गादीवर येऊन बसतो. अशा वेळी अध्यक्षाचा स्वभाव पाहून पुढचे धोरण सांगता येत नाही. दादाभाई सुद्धा नेमस्तांनीच आणलेले अध्यक्ष होते. पण त्यांना आणणाऱ्यांपेक्षा त्यांचे वजन मोठे होते, म्हणून ते त्यांना न रुचणारा शब्द बोलू शकले. डॉ. घोष यांचे विद्वत्तेत वजन होते, पक्षात ते तेवढे नव्हते. दोघांत खरा फरक असेल तर तो येथे आहे. मतांचा फरक थोडा होता. आपल्याच मंडळींना 'नाही' म्हणण्याच्या ताकदीचा फरक फार मोठा होता.

या फुटीची किंमत कोणी मोजली? जून १९०८ मध्ये टिळकांना पकडले, आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा ठोठावून मंडालेला धाडले. देशाची काँग्रेस एकसंध असती तर सरकारने हे पाऊल इतक्या निर्धास्तपणे टाकले असते काय, याचा विचार करावा. दादासाहेब खापर्डे अमरावतीची वकिली सोडून टिळकांच्या अपिलासाठी विलायतेला गेले आणि १९१० पर्यंत तिकडेच राहिले. इकडे मुधोळकर १९१२ मध्ये बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. एकाच गावचे दोन मातब्बर पुढारी, एक मित्राच्या सुटकेसाठी परदेशात खेटे घालतो आहे आणि दुसरा त्या मित्राला दार बंद असलेल्या काँग्रेसचा अध्यक्ष आहे! दोघेही देशभक्तच होते. १९१५ मध्ये गोखले गेले, मेहता गेले. त्यानंतर कुठे वाट मोकळी झाली, आणि १९१६ च्या डिसेंबरात लखनौला दोन्ही पक्ष पुन्हा एका मांडवात बसले. मध्ये नऊ वर्षे गेली. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर नऊ हंगाम वाया गेले.

जी काँग्रेस १९०७ मध्ये नागपूरहून हलवली ती १९२० मध्ये नागपूरला परत आली. अध्यक्ष होते सी. विजयराघवाचारियर. याच अधिवेशनात शांततेच्या आणि न्याय्य मार्गांनी स्वराज्य मिळवणे हे ध्येय ठरले. 'वसाहतींसारखे' ही शेपटी गळून पडली. चार महिन्यांपूर्वीच, १ ऑगस्टला, टिळक वारले होते. आणि पाहा, पुन्हा तोच प्रश्न निघाला : गांधीजी टिळकांचे वारस की वेगळ्या वाटेचे? खापर्ड्यांना असहकाराची वाट मानवली नाही, ते दूर झाले. टिळकांचे दुसरे कित्येक अनुयायी गांधीजींबरोबर गेले. आपल्या खामगावच्या टिळक राष्ट्रीय विद्यालयाचे नाव घेतले की त्यात कलकत्त्याच्या ठरावातला 'राष्ट्रीय' हा शब्द आणि तो ठराव जपण्यासाठी भांडलेल्या माणसाचे नाव, अशी दोन्ही एकत्र सापडतात.

शिक्षक बंधूभगिनींना एक सुचवावेसे वाटते. सुरतेचा धडा आला की मुले जोड्याची गोष्ट ऐकून हसतात, आणि तास संपतो. त्यापेक्षा स्वदेशीच्या ठरावाची दोन रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा : एक 'काही झीज सोसूनही' या शब्दांसह आणि एक त्यांच्याशिवाय. मग मुलांना विचारा, यातल्या कोणत्या ठरावाने तुमच्या घरच्या खर्चात फरक पडेल? तीन शब्दांसाठी मोठी माणसे का भांडली, ते दहावीचा मुलगाही चटकन सांगेल. मग दुसरा प्रश्न विचारा : ते शब्द परत मिळवण्याचा रस्ता विषयनियामक समितीतून जात होता की मांडव उधळण्यातून? यावर वर्गात दोन पक्ष पडतील. पडू द्या. फक्त खुर्च्या जागेवर राहतील एवढे पाहा.

आणि गावकरी मंडळींनो, आपल्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत, बाजार समितीत माणसे येतात आणि जातात. नवा माणूस जुन्यासारखा की निराळा, याचा अंदाज त्याच्या बोलण्याच्या ढंगावरून बांधू नये. मागच्या सभेच्या इतिवृत्ताची वही उघडावी. त्यात काय ठरले होते ते वाचून काढावे, आणि उमेदवाराला चारचौघांत विचारावे, की यातले काय ठेवणार आणि काय गाळणार? ज्यांनी तुम्हाला उभे केले त्यांना हे गाळलेले हवे असेल, तर तुम्ही काय करणार? असे विचारायला सभेत जागा असली पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत सर्वांना धीर असला पाहिजे. सुरतेत विचारणाऱ्याला जागा मिळाली नाही आणि विचारणाऱ्यांच्या मागच्या लोकांना धीर राहिला नाही. डॉ. घोष यांचे भाषण खिशातच राहिले, टिळकांची चिठ्ठी उत्तरावाचून राहिली, आणि दादाभाईंच्या चार ठरावांचे काय करायचे हे त्या दिवशी कोणी ठरवलेच नाही.